यंत्र कोणाचे, खेळ कोणाचा?

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत एक पद्धत आहे. दोन फेऱ्या झाल्या की बाकावर बसायचे आणि प्रत्येकाने सध्या काय चालले आहे ते सांगायचे. कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले असते, कोणाची नात अमेरिकेला निघालेली असते, कोणी ज्ञानेश्वरीचा नवा अध्याय धरलेला असतो. माझी पाळी आली की ठरलेला प्रश्न येतो, "काय, नवी कादंबरी कुठवर आली?" २०२५ च्या पावसाळ्यात मी एकदा खरे ते सांगून टाकले. म्हटले, "कादंबरी बाजूला ठेवली आहे. दोन महिने झाले, व्हिडिओ गेम खेळतो आहे." क्षणभर कोणी बोलले नाही. मग आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारले, "घरी सगळे ठीक आहे ना?"

घरी सगळे ठीक होते. झाले होते ते इतकेच, की मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना आपले प्लेस्टेशन आमच्या टीव्हीखाली ठेवून गेला. "विकू नका बाबा, मी आलो की लागेल," म्हणाला. सौ. त्यावर रोज फडके मारीत असे आणि त्याच्या कंट्रोलरला रिमोट म्हणत असे. एका रविवारी पाऊस कोसळत होता, वाचायला काही नव्हते, म्हणून मी ते सुरू केले.

पण याच्या आधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाच मुलगा चौथीत होता, म्हणजे २००२ साली, तेव्हा घरात एक टीव्ही गेम होता. पिवळ्या कॅसेटी घालून खेळायचे ते यंत्र. वर कंपनीचे नाव असे काही नव्हतेच. जपानमधल्या निन्टेन्डोच्या यंत्राची ती नक्कल, हे मला फार उशिरा कळले. स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली तसे मी ते उचलून माळ्यावर टाकले. परीक्षा झाल्यावर काढले, तर उंदरांनी वायर कुरतडलेली. मी ते तसेच परत वर ठेवले. मुलाने पुन्हा कधी मागितले नाही आणि मीही विषय काढला नाही.

असो. आता यंत्र हातात आले आहे म्हटल्यावर त्यामागचा व्यवहार समजून घ्यावा, असे माझ्यातल्या बँकवाल्याला वाटले. मी बरीच वर्षे लघुउद्योगांच्या कर्जाचे टेबल सांभाळले. माझे पहिले मॅनेजर म्हणत, "लेथ मशीन कितीही चकचकीत असो, त्याच्याकडे बघून कर्ज देऊ नका. त्यावर कोणता माल निघणार आणि तो कोण घेणार, ते विचारा." कन्सोल नावाच्या यंत्रांची चाळीस वर्षांची लढाई मी वाचत गेलो, तसतसे मला त्यांचे ते वाक्य आठवत राहिले.

निन्टेन्डो ही कंपनी १८८९ सालची, क्योटो शहरातली. सुरुवातीला ती फुलांची चित्रे असलेले पत्ते बनवीत असे. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकाने रद्दी खेळांनी भरली होती आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. अटारी कंपनीने न खपलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ जमिनीत पुरली. ती २०१४ मध्ये पुन्हा उकरून काढण्यात आली. त्या पडझडीनंतर १९८५ मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत उतरली आणि काही वर्षांत घराघरांत पोचली. मग दुसरी जपानी कंपनी सेगा पुढे आली. १९९१ मध्ये तिने यंत्राची किंमत उतरवली आणि सोबत सोनिक नावाच्या निळ्या हेजहॉगचा खेळ फुकट दिला. अमेरिकेतल्या शाळांत त्या काळी मुलांचे दोन तट पडले. मारिओचे आणि सोनिकचे.

तिसरा पैलवान अपमानातून जन्माला आला. सोनी आणि निन्टेन्डो मिळून सीडीवर चालणारे यंत्र काढणार होत्या. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचे सांगितले. करारामुळे सीडीवरच्या खेळांचा ताबा सोनीकडे जाईल, ही भीती त्यामागे होती. लग्नमंडपात नवरा बदलावा तसा हा प्रकार. सोनीतले अभियंते केन कुतारागी यांनी मग आपले स्वतंत्र यंत्र काढायचा हट्ट धरला आणि डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन जपानच्या बाजारात आले. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मेळाव्यात सेगाने आपल्या सॅटर्न यंत्राची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. नंतर सोनीचा अधिकारी व्यासपीठावर आला, "२९९" एवढाच आकडा बोलला आणि खाली उतरला. टाळ्या थांबेनात. आयुष्यभर आकडे वाचून दाखवले, पण एका आकड्यावर कोणी टाळ्या वाजवल्याचे मला आठवत नाही.

सेगा त्यातून सावरली नाही. २००१ च्या जानेवारीत तिने यंत्रांचा धंदा बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी सोनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. ज्या पोरांनी त्याच्यापायी मित्रांशी अबोला धरला होता, त्यांना तेव्हा काय वाटले असेल! जागा मात्र रिकामी राहिली नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला आणि त्याच्याबरोबर हॅलो हा खेळ. पुढे वीस वर्षे भांडण सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांचे चालले. निन्टेन्डो आपल्या वेगळ्या वाटेने कधी पडत, कधी उठत राहिली. तिचे वी-यू हे यंत्र पडले तेव्हा, २०१४ मध्ये, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिने स्वतःचा पगार निम्मा केला. थकीत कर्जाच्या बैठकांना बसलेल्या माणसाला या गोष्टीचे अप्रूप वाटले, तर नवल नाही.

या धंद्याची गोम अशी की यंत्रावर नफा थोडा, कधी तोटाच. २००६ मध्ये प्लेस्टेशन-३ पाचशे-सहाशे डॉलरला विकूनही सोनीला प्रत्येक यंत्रामागे तोटा होत होता. कमाई खेळांवर. दुसऱ्या कोणी केलेला खेळ आपल्या दुकानातून विकला की साधारण तीस टक्के कंपनीचे. म्हणजे यंत्र हे बचत खाते. ते उघडून घ्यायला पेन, डायरी, कॅलेंडर सगळे द्यायचे. एकदा गिऱ्हाईक आत आले की मग ठेवी, कर्ज, लॉकर. आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेत जाऊ नये म्हणून काय करायचे? एखादा खेळ असा ठेवायचा, की जो फक्त आपल्याच यंत्रावर चालेल. मारिओ, सोनिक, हॅलो ही त्या पिंजऱ्यांची दारे.

माझे मत विचाराल तर या स्पर्धेने गिऱ्हाइकाचे भलेच केले. सोनीचा तो आकडा आला नसता, तर ३९९ चे कोणी कमी केले नसते. प्लेस्टेशन-२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आले आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरले. ते सोळा कोटींहून अधिक खपले. याच्या उलट प्लेस्टेशन-५ बघा. २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेले यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ झाले. पाच वर्षे जुना माल महाग होतो, हे मी आजवर सोने आणि जमीन यांखेरीज कशात पाहिले नव्हते. एक्सबॉक्सही त्याच वर्षी दोनदा महागला. आयातकर आणि सुट्या भागांचे भाव ही कारणे आहेतच. पण समोरचा पैलवान लंगडू लागला की आपल्याला घाम गाळावा लागत नाही, हेही खरे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेतली. पुढच्याच वर्षापासून आपले खेळ एकेक करून प्लेस्टेशनवर द्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर हॅलोही २०२६ मध्ये तिकडे येणार, असे जाहीर झाले. सोनिकची गोष्ट पुन्हा घडली म्हणायची. निन्टेन्डोचे स्विच-२ मात्र जून २०२५ मध्ये आले आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपले.

पिंजऱ्यांची दारे उघडली याचा मला आनंद आहे. काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. पूर्वी कॅसेट आपल्या कपाटात असे. मित्राला देता येई, भांडण झाले की परत मागता येई. आता खेळ बहुधा खात्यावर असतो. मी खेळलो तो खेळ मुलाने जर्मनीत बसून विकत घेतला आणि इथे आमच्या घरी उतरला. सोय मोठी, पण माझ्या हातात पावतीशिवाय काही नाही.

तो खेळ म्हणजे 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३'. नावाचा अर्थ छायाप्रकाश. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल या लहानशा कंपनीचा हा पहिलाच खेळ. मुख्य चमू तीसेक माणसांचा, बाकीचे मदतीला बाहेरचे. एप्रिल २०२५ मध्ये तो आला, इतर मोठे खेळ सत्तर डॉलरला असताना पन्नास डॉलरला, आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, संगणक अशा सगळ्यांवर एकाच दिवशी. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. अब्जावधींची यंत्रे एकमेकांवर आदळत असताना हा मान कोणाच्याच गोठ्यात न बांधलेल्या खेळाला गेला. आमचे मॅनेजर असते तर मिशीतल्या मिशीत हसले असते.

गोष्ट अशी. समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा आहे. वर्षातून एकदा एक चित्रकर्ती उठते आणि तिच्यावर एक आकडा रंगवते, दर वर्षी एकाने कमी. ज्यांचे वय त्या आकड्याइतके किंवा जास्त, ती माणसे उभ्या उभ्या फुलांच्या पाकळ्या होऊन विरून जातात. ज्यांच्या हाती एकच वर्ष उरले आहे, त्यांची एक तुकडी दर वर्षी तिला थांबवायला निघते. आजवर परत कोणी आलेले नाही. खेळ सुरू होतो तेव्हा पाळी तेहतीसची असते. जाणाऱ्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घातलेल्या, शहरभर सणासारखी सजावट आणि बंदरावर गुस्ताव नावाचा तरुण एके काळच्या प्रेयसीचा हात धरून उभा. तिचा हात हातातच विरतो.

आमच्या बँकेत साठीला गळ्यात हार घालतात, शाल-श्रीफळ देतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या खुर्चीवर दुसरा बसतो. तेवढ्याने मी महिनाभर हिरमुसलो होतो. इथे तर शहरात म्हातारा माणूसच शिल्लक नाही! तक्ते जुळवणारे, चुकले तर सांगणारे, नुसतेच खोकत बसणारे, कोणी नाही. वाटेत आधीच्या मोहिमांच्या नोंदवह्या सापडतात. कोणी लिहिले आहे इथवर आलो, कोणी पुढच्यांसाठी खुणा ठेवल्या आहेत. ते वाचताना मला वाटले, लिहिणाऱ्याचे काम तरी याहून वेगळे काय असते?

दोषही सांगतो, नाहीतर जाहिरात होईल. लढाई पाळीपाळीने होते, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी बटण दाबून अडवावा लागतो. सत्तरीकडे झुकलेल्या अंगठ्यांना ते जमत नाही; मी सर्वांत सोप्या पातळीवर खेळलो आणि तरी मेलो. आतल्या भागांना नकाशाच दिलेला नाही, त्यामुळे एका गुहेत मी तीन संध्याकाळी फिरत होतो. ताकद वाढवायच्या वस्तूंचे इतके तक्ते, की बॅलन्स शीट सोपी वाटावी. शेवटाकडे नायकांची ताकद इतकी वाढते की लढाईतली भीतीच जाते. पण शेवटी जी निवड करायला लावली आहे ती मी दोन दिवस केली नाही. कंट्रोलर टीपॉयवर ठेवून दिला. काय निवड, ते सांगत नाही. खेळणाऱ्यांचा हिरमोड व्हायचा. एवढेच सांगतो, की गेलेल्या माणसाला धरून ठेवणाऱ्या एका घराची ती गोष्ट आहे आणि दोन्ही बाजू मला पटल्या. हा खेळ लहान मुलांसाठी नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

त्या दोन दिवसांत एक हिशेब मनात आला, तो आधी का आला नाही कोणास ठाऊक. मुलगा १९९२ चा. २०२५ मध्ये त्याला तेहतीस पूर्ण झाली.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी हवापाण्यावर वेळ न घालवता म्हटले, "तुझ्या त्या टीव्ही गेमची वायर उंदरांनी खाल्ली होती. मी सांगितले नाही तुला."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "माहीत होतं बाबा. मी माळ्यावर चढून बघितलं होतं. वायर काय, कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून मिळाली असती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही आपणहून खाली काढाल म्हणून वाट बघत होतो."

मला यावर काही सुचले नाही. त्याच्या शाळेच्या सगळ्या वर्षांत मी त्याला रोज एकच प्रश्न विचारला असेन, अभ्यास कुठवर आला? त्या दिवशी त्यानेच मला विचारले, "बरं, तुम्ही कुठवर आलात?"

मी त्याला शिळेपासून सगळे सांगायला बसलो. सौ.ने दोनदा जेवायला हाक मारली.