फोनवरून मराठी ब्लॉग: जागा फुकटची चालेल, पत्ता स्वतःचा हवा

आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. यात सेटिंग्जची नावं बरीच आहेत आणि ऐकता ऐकता ती लक्षात राहत नाहीत. त्यामुळे निवांत वाचा, आणि शेजारच्या टॅबमध्ये एकेक गोष्ट करत चला.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आधी घेतो: "दादा, इन्स्टाग्रामवर लिहितोय की, मग ब्लॉग कशाला?" बघा, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. आणि तुम्ही दोन वर्षांपूर्वी आजीच्या लोणच्याबद्दल काय लिहिलं होतं, ते आज कुणाला वाचायचं असेल तर? बोट दुखेपर्यंत स्क्रोल करा! ब्लॉगवर प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता असतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवता येतो, गुगलवर सापडू शकतो, आणि पाच वर्षांनीही उघडू शकतो. "उघडू शकतो" म्हणतोय, "उघडतोच" नाही. आजचा एपिसोड त्याच फरकाबद्दल आहे.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

ब्लॉग म्हणजे तीन गोष्टी: जागा, पत्ता आणि मजकूर. जागा म्हणजे ज्या सर्व्हरवर लेख ठेवलेत तो, म्हणजे होस्टिंग. पत्ता म्हणजे डोमेन. आणि मजकूर तुमचा.

जागा कायमची नसते. जिओसिटीज नावाच्या साइटवर एकेकाळी जगभरातल्या लाखो लोकांची पानं होती. याहूने २००९ मध्ये ती अमेरिकेत बंद केली. पोस्टरस ही ब्लॉगची सेवा २०१३ मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे मजकुराची प्रत होती त्यांनी तो दुसरीकडे नेला, बाकीच्यांचं लिखाण गेलं. म्हणून माझा नियम साधा आहे: जागा फुकटची वापरा, पण पत्ता आणि मजकुराची प्रत स्वतःकडे ठेवा.

जागा: ब्लॉगर की वर्डप्रेस?

ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झालं आणि २००३ मध्ये गुगलने ते विकत घेतलं. ते फुकट आहे, तुमच्या जीमेलवरच चालतं, आणि स्वतःचं डोमेन जोडायला ब्लॉगर वेगळे पैसे घेत नाही.

वर्डप्रेसच्या बाबतीत नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण वर्डप्रेस दोन आहेत. 'डॉट ऑर्ग'वर मिळतं ते मोफत सॉफ्टवेअर. ते चालवायला होस्टिंग तुम्ही भाड्याने घ्यायचं आणि अपडेटही तुम्हीच सांभाळायचे. 'डॉट कॉम' ही तयार सेवा आहे. तिथे फुकट सुरुवात करता येते, पण स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो.

हातात फक्त फोन आहे आणि खिसा रिकामा आहे? मग ब्लॉगर. दुकान चालवायचंय, मोठी साइट उभारायचीय? मग वर्डप्रेस शिका. आज आपण ब्लॉगरवर करू.

नाव आणि पत्ता

ब्राउझरमध्ये ब्लॉगर डॉट कॉम उघडा, लॉगिन करा, नवीन ब्लॉग बनवा. तो आधी नाव विचारतो. हे बिनधास्त देवनागरीत लिहा, नंतर कधीही बदलता येतं. मग पत्ता विचारतो. इथे थांबा.

पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहायचा असतो आणि मराठी शब्द तिथे अडकतात. 'वाट' लिहायला व्ही की डब्ल्यू? ए एकदा की दोनदा? म्हणून एक परीक्षा घ्या. आईला किंवा मित्राला फोन करून पत्ता एकदाच सांगा. त्यांनी न विचारता बरोबर टाइप केला तर पास. नाहीतर दुसरा शब्द शोधा.

आता डोमेन. 'डॉट इन' साधारण काही शे रुपयांत वर्षभरासाठी मिळतं. विकत घेताना पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला किती लागतील ते बघा. २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेनही मिळतं. दिसायला झकास, पण काही ॲप्समध्ये तो पत्ता 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतो, त्यामुळे पहिलं डोमेन साधं घ्या.

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम डोमेन' असा पर्याय आहे. तिथे तुमचं डोमेन टाकलं की तो 'सीनेम' नावाच्या दोन नोंदी देतो. जिथून डोमेन घेतलंत तिथल्या डीएनएस विभागात त्या जशाच्या तशा टाकायच्या. लागू व्हायला थोडा वेळ लागतो, घाबरू नका. नंतर 'एचटीटीपीएस' सुरू करा. तुमचा जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नव्यावर वळतो, म्हणजे आधी शेअर केलेल्या लिंकही चालतात.

एक कळकळीची सूचना. बरेच जण साइट 'ओळखीच्या पोराकडून' बनवून घेतात आणि तो डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो. वर्षभराने तो फोन उचलत नाही आणि तुमचा पत्ता त्याच्या हातात राहतो. मदत खुशाल घ्या. पण डोमेनचं खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावावर हवं, आणि पासवर्ड तुमच्याकडे.

दिसणं: मराठीला काय मानवतं

'थीम'मध्ये जा. कंटेम्पो, सोहो, एम्पोरिओ, नोटेबल या ब्लॉगरच्या तयार थीम फोनवर नीट बसतात. सोहो आणि एम्पोरिओ फोटोंच्या ब्लॉगला बऱ्या. लेखन करणाऱ्यांनी कंटेम्पोपासून सुरुवात करावी. 'फ्री प्रीमियम टेम्पलेट' म्हणून कुठूनही मिळालेली फाइल चढवू नका. तिच्यात भलत्याच साइटच्या लिंक आणि कोड लपवलेले असू शकतात.

आता देवनागरीपुरत्या चार गोष्टी. इंग्रजी ब्लॉगर्सच्या व्हिडिओत या सापडत नाहीत.

एक, दोन ओळींमधलं अंतर वाढवा. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. अंतर अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट असलं की डोळ्यांना बरं वाटतं.

दोन, अक्षरांमधलं अंतर, म्हणजे 'लेटर स्पेसिंग', शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो.

तीन, तिरपी अक्षरं टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरा तिरपा प्रकार नसतो, ब्राउझर सरळ अक्षरंच वाकवतो. जोर द्यायचाय तर ठळक करा.

चार, सुरुवातीला फोनचा मूळ फॉन्ट पुरतो. नंतर बदलावासा वाटला तर एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बालू हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. मजकुराला मुक्त, मथळ्याला बालू. दोनपेक्षा जास्त फॉन्ट लावलेत तर पान उघडायला वेळ लागेल, आणि वाचणाऱ्याचा डेटा खर्च होईल तो वेगळाच.

फोनवर 'लेआउट' हलवताना बोटं अडखळतात. ब्राउझरच्या मेनूतून 'डेस्कटॉप साइट' सुरू करा. बाजूला घड्याळ, हवामान, पाहुण्यांचा आकडा असलं काही लावू नका. शोधपट्टी, विषयांची यादी आणि 'माझ्याबद्दल' हे पान, एवढं पुरे.

पहिली पोस्ट टाकताना

मजकूर आधी नोट्समध्ये लिहा, मग चिकटवा. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत रंग आणि आकारही येऊ शकतात. तसं झालं तर सगळा मजकूर निवडून 'फॉरमॅटिंग काढा' दाबा.

प्रसिद्ध करण्याआधी 'पर्मालिंक' बघाच. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगर लिंकमध्ये नुसतं 'ब्लॉग पोस्ट' असं इंग्रजीत लिहितो, पुढच्या लेखाला त्यालाच आकडा जोडतो. मग कुठली लिंक कशाची, काही कळत नाही. 'कस्टम पर्मालिंक' निवडा आणि इंग्रजी अक्षरांत दोन-तीन शब्द लिहा, मध्ये छोटी रेघ. उदाहरणार्थ आजी-लोणचं. हे आधीच करा, कारण लेख शेअर झाल्यावर लिंक बदलली तर लोकांकडे गेलेली जुनी लिंक मोडते.

सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करा आणि वेळ कोलकात्याची निवडा, नाहीतर पोस्टवर भलतीच तारीख दिसेल.

प्रत ठेवा

सेटिंग्जमध्येच बॅकअपचा पर्याय आहे. महिन्यातून एकदा मजकूर उतरवून घ्या, आणि 'थीम'मधून थीमची प्रतही. मजकुराच्या फाइलमध्ये फोटोंच्या फक्त लिंक असतात, म्हणून मूळ फोटो वेगळे जपा.

अजून एक. जे खातं दोन वर्षं वापरलेलं नाही ते हटवण्याचं धोरण गुगलने २०२३ मध्ये आणलं. ब्लॉगसाठी म्हणून वेगळं जीमेल काढलं असेल तर त्यात अधूनमधून लॉगिन करा, रिकव्हरीला चालू असलेला मोबाइल नंबर द्या, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू ठेवा. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट टाका. मुदत संपून डोमेन सुटलं तर ते दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि तुमच्या नावाच्या पत्त्यावर उद्या लॉटरीच्या जाहिराती दिसू शकतात.

तर या आठवड्याचं काम: ब्लॉग उघडा, थीम लावा, एक लेख नीट लिंकसह टाका आणि लगेच पहिला बॅकअप घ्या. डोमेन पुढच्या महिन्यात घेतलंत तरी चालेल, पण पन्नास लेख झाल्यावर घेऊ म्हणून थांबू नका. पुढच्या भागात फोटो हलके कसे करायचे ते बघू. तोवर लिहीत राहा!