दारापुढील भाजी : कुंडींतील लागवड व कागदी रोपपात्रें

ज्याच्या घरीं शेती आहे त्यानें भाजी विकत आणावी, हें ऐकण्यास चमत्कारिक वाटेल. परंतु नामपूर व मोसम नदीकांठच्या गांवांत आज पुष्कळ घरीं हीच स्थिति आहे. शेतांत कांदा आहे, डाळिंब आहे. पण सायंकाळच्या भाकरीबरोबर लागणारी मेथीची जुडी मात्र बाजारांतून येते. याचें कारण आळस नव्हे. पूर्वीं मोटेच्या थारोळ्यांतून निघणाऱ्या पाटाच्या कडेनें मिरची, वांगीं, अळू, कोथिंबीर सहज वाढत असत. पुढें मोट जाऊन पंप आला व त्यामागून ठिबकची नळी आली. नळीनें पाण्याची मोठी बचत झाली, हें निर्विवाद आहे. परंतु पाटाच्या ओलीवर पोसणारी भाजी पाटाबरोबरच गेली. आणि ज्या वर्षीं कांद्याचा भाव पडतो, त्याच वर्षीं भाजीस लागणारा रोख पैसा हातीं नसतो.

यावर एक सोपा व मनास विरंगुळा देणारा उपाय आहे. ओट्यावर, अंगणांत किंवा गच्चीवर दहा-बारा कुंड्यांत घरापुरती भाजी करावी. ज्यांस वीतभर जमीन नाहीं अशा शहरवासीयांनींही हें करून दाखविलें आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनीं २००२ सालीं, स्वयंपाकघरांतील ओला कचरा खत म्हणून वापरून, बाग उभी केली. आपल्याजवळ तर माती, शेणखत व अनुभव हीं तिन्ही आहेत.

भांडीं.— तेलाचे रिकामे डबे, फुटके माठ, जुन्या बादल्या, घमेलीं, कांहींही चालेल. तळाशीं करंगळीएवढीं चार-पांच छिद्रें पाडून त्यांवर खापराचे तुकडे ठेवावे व भांडें दोन विटांवर टेकवावें, म्हणजे जास्त झालेलें पाणी निघून जातें. फवारणीच्या औषधांचे डबे मात्र कितीही धुतले तरी या कामीं कदापि घेऊं नयेत.

माती.— येथें शेतकरीच अधिक चुकतो. प्रस्तुत लेखकानें पहिल्या वर्षीं शेतांतील उत्तम काळी माती आणून डब्यांत दाबून भरली. पाणी घालतांच ती फुगून चिखल झाली व सुकतांच तिची वीट झाली. मिरचीचीं सर्व रोपें पिवळीं पडून मेलीं. जी माती शेतांत लक्ष्मी ठरते, ती डब्यांत हवा कोंडून मुळें गुदमरवते. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत व एक भाग नदीची वाळू आणि चाळलेला पालापाचोळा असें मिश्रण करावें. भांडें कांठोकांठ न भरतां वर दोन बोटें जागा पाण्यासाठीं सोडावी.

काय लावावें.— मेथी, पालक, कोथिंबीर यांस वीतभर खोल माती पुरते. मेथी महिन्याच्या आंत काढणीस येते; कोथिंबिरीस ३५ ते ४५ दिवस लागतात. प्रत्येक धन्यांत दोन बिया असतात, म्हणून धने चपलेखालीं हलके रगडून फोडावे, व मगच पेरावे. उन्हाळ्यांत कोथिंबीर लवकर फुलावर येते. तिला दुपारची सावली द्यावी. मिरची, वांगें, टोमॅटो यांस फूटभर खोल भांडें व भांड्यागणिक एकच रोप असावें. सर्व बीं एका दिवशीं न टाकतां दर दहा दिवसांनीं एकेक भांडें पेरावें, म्हणजे ताट रिकामें राहत नाहीं.

कागदी रोपपात्रें.— काकडी, दोडका, कारलें या वेलांच्या मुळांस धक्का लागलेला सोसत नाहीं. त्यांचीं रोपें कागदी पात्रांत करावीं. वर्तमानपत्राचें पान दुमडून सुमारें ५ इंच रुंदीची दुपदरी पट्टी करावी. ती पाणी पिण्याच्या पेल्याभोंवतीं अशी गुंडाळावी कीं, तीन इंच पेल्यावर व दोन इंच तळाबाहेर राहील. बाहेरचा भाग आंत दुमडून पेला जमिनीवर दाबावा आणि अलगद काढून घ्यावा. डिंकाची गरज नाहीं. गुळगुळीत रंगीत कागद घेऊं नये. पात्रें घमेल्यांत एकमेकांस चिकटून उभीं करावीं, मातीनें भरावीं व प्रत्येकांत दोन बिया टोंचाव्या. रोपास तीन पानें आलीं कीं पात्रासह लावावें. कागद मातींत कुजून जातो. मात्र कागदाची कड मातीवर उघडी राहूं देऊं नये, कारण ती वातीप्रमाणें ओल वर ओढून वाऱ्यास देते. हें काम मुलांस फार आवडतें व आजी-आजोबांनाही बसल्या जागीं करतां येतें. पावसाच्या दुपारीं सर्वजण एकत्र बसल्यास पन्नास पात्रें बोलतां बोलतां होतात.

पाणी व कीड.— बागलाणांत पाणी जपूनच वापरावें लागतें. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी कुंड्यांस घालावें. साबणाचें घालूं नये. वर पाचटाचें किंवा वाळल्या पानांचें आच्छादन घालावें. माव्यासाठीं ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण १ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून शिंपडावें.

दहा कुंड्यांनीं घरची सर्व गरज भागेल असें आम्ही म्हणत नाहीं. चटणी-कोथिंबीर, आठवड्यांतून दोनदां पालेभाजी व थोडीं वांगीं-टोमॅटो एवढें मिळेल. पण शेतांतील पिकाचा भाव दुसरा ठरवितो, या भाजीस भावच नाहीं. कांद्याकडे पाहतांना मनांत हिशेब असतो. कुंडींतील पहिलें फूल पाहतांना तो नसतो. शेतकऱ्याच्या मुलांस शेती म्हणजे केवळ कर्ज व काळजी, असें वाटूं नये अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं येत्या आठवड्यांत एक जुना डबा भोंक पाडून मुलाच्या हातीं द्यावा व त्यांत मूठभर मेथी पेरून घ्यावी.