हाकेला ओ देणारा वाटाड्या

मेणबत्त्यांचं मेण कोण कुरतडतंय? आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सोफाला इथं राहणाऱ्या जुआंव दोस सांतोस या पोर्तुगीज धर्मोपदेशकाला १५८८ च्या सुमारास आपल्या चर्चमध्ये याचं उत्तर मिळालं. चोर होता बुलबुलाएवढा एक करडा-तपकिरी पक्षी. हाच पक्षी माणसांना मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत घेऊन जातो, हेही त्यांनी लिहून ठेवलं. पुढे कित्येक वर्षं अनेकांना ही भाकडकथा वाटली. ती अक्षरशः खरी आहे.

इंग्रजीत त्याला हनीगाइड म्हणतात. आपण वाटाड्या म्हणू. मेण पचवू शकणारे पक्षी फार थोडे, त्यांतला हा एक. अडचण एवढीच की मेण असतं झाडाच्या ढोलीत, आणि राखणीला असतात चवताळलेल्या माश्या. पक्ष्याला पोळं कुठे आहे ते ठाऊक, पण फोडता येत नाही. माणसाकडे धूर आहे, कुऱ्हाड आहे, पण जंगलात पोळं सहज सापडत नाही. मग वाटाड्या माणसाजवळ येतो, काडेपेटी खुळखुळवावी तसा आवाज करतो, पुढच्या झाडावर जाऊन बसतो. माणूस मागे आला की आणखी पुढे जातो. माणसानं मध काढून नेला की मेण आणि अळ्या त्याच्या.

केनियातल्या बोरान लोकांबरोबर हुसेन इसाक आणि हाइन्झ-उलरिच राइअर यांनी याचा हिशेब मांडला, तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्याशिवाय पोळं शोधायला सरासरी ८.९ तास लागत; पक्षी सोबत असला तर ३.२ तास. सापडलेल्या पोळ्यांपैकी ९६ टक्के पोळी अशी होती, की माणसानं ती उघडली नसती तर पक्ष्याच्या चोचीला काहीच लागलं नसतं.

मला सगळ्यात थक्क करते ती या व्यवहारातली बोली. मोझांबिकमधल्या नियासा अभयारण्यात याओ लोक मध काढायला निघाले, की ‘ब्रर्र-हम्’ अशी हाक घालतात. ही हाक बापाकडून मुलाकडे आलेली. क्लेअर स्पॉटिसवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की ही हाक ऐकवली तर पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर जाते. माणसाचेच दुसरे आवाज ऐकवले, तर तसं होत नाही. टांझानियातले हाद्झा लोक मात्र हाक घालत नाहीत, सुरेल शीळ घालतात. मग २०२३ मध्ये स्पॉटिसवूड आणि ब्रायन वुड यांनी अदलाबदल करून पाहिली: याओंची हाक टांझानियात, हाद्झांची शीळ मोझांबिकमध्ये. दोन्हीकडचे पक्षी आपापल्या शेजाऱ्यांच्या आवाजालाच जास्त प्रतिसाद देत होते. टांझानियात तर हाद्झांच्या शिळेला मिळालेला प्रतिसाद परक्या हाकेच्या तिपटीहून अधिक होता.

आणि हे त्याला आईबाप शिकवत नाहीत, कारण त्यानं आईबापाला पाहिलेलंच नसतं! कोकिळेसारखी वाटाड्याची मादीही परक्याच्या घरट्यात अंडं घालते, बऱ्याचदा वेड्या राघूच्या भाईबंदांच्या बिळात. पिल्लाच्या चोचीला जन्मतःच आकड्यासारखी टोकं असतात, आणि डोळे उघडण्याआधीच ते यजमानाची पिल्लं चावून मारतं. अशा अंधाऱ्या, रक्ताळलेल्या बिळातून बाहेर पडलेला हा पक्षी नंतर जगाकडे पाहत माणसाची भाषा शिकतो. पाळलेला नाही, पिंजऱ्यातला नाही, दाण्याची सवय लावलेला नाही.

माणसं मात्र सगळीकडे सारखी वागत नाहीत. याओ लोक पानांवर मेणाचा तुकडा ठेवून पक्ष्याचा वाटा देतात. हाद्झा पुष्कळदा उरलेलं मेण जाळून किंवा पुरून टाकतात. पक्षी भुकेला राहिला तर पुढच्या पोळ्याकडे लवकर नेईल, हा त्यांचा हिशेब. वाटा न देणाऱ्याला पक्षी पुढच्या खेपेला सिंहाच्या पुढ्यात नेऊन सोडतो, असं आफ्रिकेत कित्येक ठिकाणी मानतात.

वाटाड्याचा एक नातलग आपल्या हिमालयातही आहे. आग्यामाश्यांची पोळी लटकलेल्या कड्यांपाशी तो राहतो आणि मुख्यतः मेण खातो. पण माणसाला वाट दाखवण्याची त्याची ख्याती नाही. ब्राझीलच्या लागुना गावात जंगली डॉल्फिन कोळ्यांच्या जाळ्याकडे मासे हाकतात, पण रानातल्या प्राण्यानं माणसाशी अशी भागीदारी करण्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

ती कमी होत चालली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जिथं दुकानात साखर मिळू लागली आणि रानातला मध काढणं थांबलं, तिथं वाटाड्यानंही माणसाकडे येणं सोडलं. पक्षी तिथं अजून आहेत, फक्त हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. नियासाच्या रानात ‘ब्रर्र-हम्’ अजून घुमतं, आणि तीन खेपांपैकी दोनदा वाटाड्या पुढे होऊन पोळ्याची वाट धरतो.