वाळलेलं बोन्साय: आधी जीव, मग आकार

गच्चीवर दुर्लक्षित राहिलेलं वडाचं किंवा नांदुरकीचं बोन्साय पानं गळून काटकीसारखं दिसलं, तरी लगेच टाकून देऊ नये. फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर ती जिवंत आहे. तपकिरी, कोरडा दिसला तर बुंध्याकडे सरकत पुन्हा पाहावं. शेंडे वाळले तरी बुंधा अनेकदा तग धरून असतो. खरवडल्या जागी पांढरा चीक आला, तर जीव आहेच.

खडखडीत वाळलेली माती पाणी शोषत नाही. वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातं. म्हणून कुंडी पाण्याच्या टबात ठेवावी, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी. पुढचं पाणी वरची माती सुकू लागल्यावरच. तळाची भोकं बुजलेली नाहीत ना, हेही पाहावं.

कुंडीला सकाळचं कोवळं ऊन मिळावं, दुपारचं नको. मेलेल्या काटक्या छाटाव्यात, हिरवी पानं राखावीत. झाडाचं अन्न तिथेच तयार होतं. खताची घाई नको. अशक्त मुळांना ते बाधतं. नवी पालवी स्थिरावल्यावर थोडं द्यावं.

मुळं कुजली असतील तर माती लगेच बदलावी. एरवी झाड सावरल्यावर, पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंडी बदलावी आणि एक तृतीयांशाहून जास्त मुळं छाटू नयेत. तार गुंडाळून वळण देण्याचं काम पुढच्या वर्षी.