प्रोस्टेट कर्करोगाची चाळणी तपासणी

प्रोस्टेट कर्करोगाची चाळणी तपासणी म्हणजे कोणतेही लक्षण नसलेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट अर्थात अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचा घेतलेला शोध होय. लघवीस अडथळा होणे किंवा लघवीतून रक्त जाणे यांमुळे केलेली तपासणी निदानात मोडते, चाळणीत नाही. व्यवहारात हा भेद अनेकदा विसरला जातो.

२०१४ सालच्या एका आढाव्यानुसार हा कर्करोग पुण्यातील पुरुषांच्या कर्करोगांत दुसऱ्या, तर मुंबईत तिसऱ्या क्रमांकावर होता. तरीही केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चाळणीसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत. त्यामुळे पुण्यात ही तपासणी बहुधा खाजगी आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मधून होते. खराडीसारख्या माहिती तंत्रज्ञान उद्योगांच्या भागात नोकरदार वर्ग तरुण आहे. जोखीम मुख्यतः पन्नाशीनंतर वाढत असल्याने या वर्गापेक्षा त्यांच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न अधिक लागू पडतो.

चाचणी

मुख्य चाचणी रक्तातील 'प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन' म्हणजे पीएसए मोजण्याची आहे. हे प्रथिन निरोगी ग्रंथीतही तयार होते व वीर्य पातळ ठेवते. वयोमानाने ग्रंथी वाढल्यास, जंतुसंसर्ग झाल्यास किंवा नुकतेच वीर्यस्खलन झाले असल्यासही त्याची पातळी वाढते. उलट, ग्रंथीवाढीवरील फिनास्टेराइड हे औषध ती सुमारे निम्म्यावर आणते. म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते. परंपरेने प्रतिमिलिलिटर ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा मानली जाते. तीहून अधिक पातळी असलेल्या सुमारे चारपैकी एकाच पुरुषात बायोप्सीत कर्करोग आढळतो. कमी पातळी म्हणजे कर्करोग नाहीच, असेही नव्हे. आता बायोप्सीपूर्वी एमआरआय केल्याने अनेकांची बायोप्सी टळते.

लाभ व हानी

१९९० च्या दशकात सुरू झालेल्या युरोपीय चाचणीत चाळणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटले. अमेरिकेतील चाचणीत फरक दिसला नाही, मात्र तेथे तुलनेच्या गटातील अनेकांनीही पीएसए करून घेतली होती. यातील खरी अडचण अतिनिदानाची आहे. अनेक गाठी इतक्या संथ वाढतात की त्यांचा आयुष्यात त्रासच होत नाही. त्यांवरील शस्त्रक्रिया वा किरणोपचारांनी मात्र लघवीवरील नियंत्रण व लैंगिक क्षमता बाधित होऊ शकते. अशा रुग्णांत उपचार लांबवून नियमित देखरेख ठेवतात. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटात डॉक्टरांशी चर्चा करून वैयक्तिक निर्णय घ्यावा, तर सत्तरीनंतर चाळणी करू नये, असे सुचवले. वडील वा भावाला हा कर्करोग झाला असल्यास ही चर्चा लवकर सुरू करतात.