सरासरी आणि थकवा : फाशांच्या बेसबॉलमधील एक नियम

अमेरिकेतील हॅल रिचमन यांनी १९६१ साली विक्रीस आणलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या खेळात बेसबॉलचा सामना फाशांनी खेळला जातो. प्रत्येक खेळाडूचे पत्रक त्याच्या एका मोसमातील प्रत्यक्ष कामगिरीवरून तयार केलेले असते. येथेच एक अडचण उद्भवते. सामन्याच्या उत्तरार्धात एक-दोन डावांपुरता येणारा बदली पिचर ताज्या दमाने चेंडू टाकतो. साहजिकच त्याची सरासरी उत्तम दिसते. अशा पिचरला फाशांच्या खेळात नऊही डाव खेळविले तर? कागद थकत नाही. म्हणून थकव्याचा नियम करावा लागतो.

प्रत्येक पिचरला डावांची एक मर्यादा नेमून दिलेली असते. तिच्यापुढे त्याच्यावर फटके बसू लागले की तो थकला असे मानतात, आणि पत्रकावरील ठिपक्यांच्या जागी फलंदाजाला एक तळ मिळतो. पहिला फासा स्तंभ ठरवितो, उरलेल्या दोहोंची बेरीज ओळ ठरविते. समजा, एका स्तंभात ७ आणि ८ या बेरजांपुढे ठिपके आहेत. त्यांची संभाव्यता अनुक्रमे ६/२१६ व ५/२१६, एकूण ११/२१६. म्हणजे शंभर फलंदाजांमागे सुमारे पाच जादा फटके.

तथापि मोसमाच्या सरासरीत थकलेल्या अवस्थेतील चेंडूही मोजलेले असतात. तिच्यावर पुन्हा दंड लादला तर थकवा दोनदा मोजला जाईल. ताज्या पिचरचे पत्रक सरासरीहून किंचित सरस ठेवले, तरच हिशेब जुळेल.

क्रिकेटमध्ये गोलंदाज विश्रांतीनंतर परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परतत नाही. शिवाय केवळ षटके मोजून भागत नाही. १९६४ साली मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ षटकांत ५ धावा दिल्या. त्यांतील २१ षटके लागोपाठ निर्धाव होती. सर्वांना एकच मर्यादा लावणाऱ्या नियमाने त्यांना केव्हाच थकलेले ठरविले असते.

घोडबंदर रोडवरील एखाद्या मैदानात वीस षटकांच्या सामन्यांच्या गुणपत्रिका जमवून कोणी असा खेळ रचू पाहील, तर त्यालाही हाच प्रश्न पडेल. चार षटकांच्या गोलंदाजाची सरासरी दिवसभराच्या गोलंदाजीस लावता येणार नाही. सरासरी ज्या परिस्थितीत मिळाली, त्या परिस्थितीपुरतीच ती प्रमाण होय.