सांभाळणाऱ्याचाही उपचार

दारूच्या व्यसनाची चर्चा होते तेव्हा समाजाची नजर पिणाऱ्यावर खिळते आणि त्याला सावरण्यात जिचे आयुष्य खर्ची पडते ती पत्नी किंवा आई उपचाराच्या हिशेबातून सुटून जाते. त्याची उधारी फेडणे, त्याच्या खाड्यांसाठी खोटी कारणे सांगणे, आपला दिवस कसा जाणार हे त्याच्या मनःस्थितीवरून ठरवणे, हे सारे वर्षानुवर्षे अंगवळणी पडले आणि दुसऱ्याला सांभाळण्यापलीकडे स्वतःची ओळखच उरली नाही, की त्या अवस्थेला सहअवलंबित्व म्हणतात. ही संकल्पना अमेरिकेतील व्यसनोपचारातून पुढे आली आणि मेलडी बीटी यांच्या १९८६ सालच्या पुस्तकाने ती सर्वदूर पोचवली. मात्र सहअवलंबित्व हा अधिकृत निदानसूचीतील स्वतंत्र आजार नाही, आणि एकत्र कुटुंबातील प्रत्येक त्यागाला हे नाव देणे अन्यायाचेच ठरेल. काळजी घेणाऱ्याला नकार देण्याची मुभा आहे की नाही, हा खरा निकष होय.

सांभाळणाऱ्यालाही उपचार लागतो हे महाराष्ट्रात ज्यांनी लवकर ओळखले त्यांत १९८६ मध्येच पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र येते. तेथे व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो.

गोंदिया जिल्ह्यातील स्त्रीला पुणे दूरच, आणि सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील खेड्यातून निघणाऱ्या मजूर स्त्रीला नागपूरही जवळ नाही, कारण गोंदिया स्थानकापासूनच ते रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि रोवणीच्या दिवसांत एका फेरीसाठी मजुरी बुडवावी लागते. म्हणून पहिली चौकशी २०१६ साली सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करावी. कोणाकडे जायचे हे ठरवताना लक्षात घ्यावे, की मानसोपचारतज्ज्ञ हा औषधे देऊ शकणारा डॉक्टर असतो, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ संवादातून उपचार करतो आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशकाची पाटी मात्र निरनिराळे शिक्षण घेतलेली माणसे लावतात, तेव्हा शिक्षण, नोंदणी आणि व्यसनी कुटुंबांसोबत काम केल्याचा अनुभव विचारण्यात संकोच बाळगू नये.

चांगला उपचारक नवरा सोडण्याचा किंवा सोसत राहण्याचा हुकूम देत नाही. कोणत्या भीतीपोटी आपण उधारी फेडतो हे तो त्या स्त्रीला न्याहाळायला लावतो, लहानसा नकार देण्याचा सराव करून घेतो आणि त्यानंतर दाटणारा अपराधभाव सहन करायला शिकवतो, ज्याला अनेक महिने लागू शकतात. जो पहिल्याच भेटीत ‘जमवून घ्या’ म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही. घरात मारहाण होत असेल तर पतिपत्नींना एकत्र बसवण्याआधी तिची सुरक्षितता पाहावी लागते. तेथे १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा कामी येतो. उपचारातील माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे, आणि ‘गावात कळेल’ या धास्तीने घरीच थांबणाऱ्या स्त्रीला हे आवर्जून सांगायला हवे.

ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा विनामूल्य असून तेथे मराठीतूनही बोलता येते.